खटकलेलं : मुद्दा क्रमांक अकरा

नगरपालिकेत दाखल्यांच्या खिडकीवर मी एकवीस वर्षं बसतो आहे. लोकांनी भरलेल्या फॉर्मात एखादा रकाना रिकामा दिसला की माझा हात आपोआप लाल पेन्सिलीकडे जातो. ही सवय एक दिवस घरात अंगाशी येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

झालं असं, की दुपारचा डबा खाताना मी मोबाइलवर एक कादंबरी वाचायचो. रोज एक प्रकरण, तेही फुकट. नाव लांबलचक, हल्ली असतं तसं : 'टोफूच्या दुकानाचं शटर उचललं की रोज नवं जग, जावई मात्र तोच'. लिहिणाऱ्याचं टोपणनाव 'पहाटवाफ'. नायिका एक म्हातारी. शटर उचललं की समोर कधी ड्रॅगनांचं राज्य, कधी समुद्राखालचं गाव. तिथे ती टोफू विकते आणि जाता जाता राक्षसांना वळण लावते. (आमच्या सासूबाईंनी इथेच, जपानमधल्या नागानोत, चाळीस वर्षं टोफूचं दुकान चालवलं. मी त्यांचा घरजावई, लग्नात आडनावसुद्धा मीच बदललं. तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.)

एकदा वाटलं, आपण अभिप्राय द्यावा. तिथे त्याचा फॉर्मच असतो : 'आवडलेलं', 'खटकलेलं' आणि 'दोन शब्द'. आवडलेलं मी भराभर लिहिलं. प्रत्येक जगाला स्वतःचा वास आहे. राक्षसराजा गरम टोफूने जीभ भाजून घेतो तेव्हा हसू येतं आणि त्याची दयाही येते. आता दुसरा रकाना रिकामा सोडणं माझ्या रक्तात नाही. बसून अकरा मुद्दे काढले. एखादं जग जरा कळू लागतं तोवर शटर खाली येतं. म्हातारी कधी अडचणीतच सापडत नाही. असं करत करत अकरावा : 'जावई अजिबात पटत नाही. इतका वेंधळा माणूस कुठल्याच जगात नसतो. कृपया काढून टाकावा.'

दुसऱ्या दिवशी प्रकरणाच्या जागी एकच ओळ होती : 'लेखन थांबवत आहे.' मी हळहळलो आणि डबा संपवला.

त्याच दिवसापासून सासूबाई, फुमिए त्यांचं नाव, पहाटे उठेनाशा झाल्या. भाताच्या कोंड्यातलं लोणचं रोज हाताने ढवळावं लागतं, तेही राहिलं आणि स्वयंपाकघरात आंबट वास सुटला. चौथ्या दिवशी मी बायकोला विचारलं,

"आईंना बरं नाही का?"

"बरं आहे. कुणीतरी तिच्या कादंबरीत अकरा चुका काढल्यात."

"अकरा?"

"नंबर घालून. खाली 'वरीलप्रमाणे दुरुस्ती व्हावी' असंही लिहिलंय. असं कोण लिहितं हो?"

मी मिसो सूपच्या वाटीत बघत राहिलो.

"अहो," चिझुरु म्हणाली, "तुम्ही नाही ना?"

सासरे गेले तेव्हा सासूबाई वर्षभर बंद शटरकडे तोंड करून बसायच्या. मग अचानक दुकानाच्या वेळेला, पहाटे चारला, उठून टॅब्लेटवर काहीतरी लिहू लागल्या. मला वाटायचं, भाजी मागवतात. आता तो टॅब्लेट त्यांनी देवघराच्या खणात, सासऱ्यांच्या फोटोखाली ठेवून दिला होता. मला फार वाईट वाटलं. पुन्हा त्या शटरसमोर बसल्या तर त्याला मीच कारण होणार होतो.

माफी कशी मागायची? मला एकच रीत येते, कचेरीतली. अभिप्राय छापून आणला, अकराही मुद्द्यांवर दोन दोन रेघा मारल्या आणि प्रत्येक मुद्द्यावर दुरुस्तीचा एक शिक्का उमटवला. (आमच्याकडे सहीच्या जागी आडनावाचा शिक्का चालतो. माझा नेहमीप्रमाणे सापडला नाही. देवघराच्या खणात एक होता, आडनाव तेच, म्हणून तो वापरला.) कागद दोन्ही हातांनी पुढे करून मी डोकं चटईला टेकवलं.

"आई, ते मी लिहिलं होतं. सगळे मुद्दे मागे घेतो."

सासूबाईंनी चष्मा लावला. "दहा नका घेऊ. ते बरोबर आहेत. ते दुरुस्त करायला मला दोन दिवस पुरेत."

"मग अडलं कुठे?"

"अकराव्यावर. योशिहिकोसान, रोज घरात बघते त्यातलं निम्मंच लिहीत होते मी, लोकांना खरं वाटावं म्हणून. तेसुद्धा पटत नाही म्हटल्यावर लिहायचं तरी कसं?"

मी डोकं टेकवलेलंच ठेवलं. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला.

"हा शिक्का कुठला?"

"खणातला."

"तो माझा बँकेचा, त्यावर खात्यातले पैसे निघतात. कुणाच्या हाती लागू नये म्हणून देवापाशी ठेवलेला."

मग सासूबाई हसू लागल्या, इतक्या की त्यांना चिझुरुचा खांदा धरावा लागला. डोळे पुसत म्हणाल्या, "टॅब्लेट द्या इकडे."

पहाटे चारला त्यांच्या खोलीत दिवा लागला. सकाळी लोणचंही ढवळलेलं होतं. नव्या प्रकरणात जावई राक्षसराजाच्या दरबारी माफीनामा देतो आणि त्यावर सासूच्या बँकेचा शिक्का अकरा वेळा मारतो. संध्याकाळपर्यंत पहिला अभिप्राय आला. खटकलेलं : 'हे फारच झालं. असं कुणी करत नाही.'

सासूबाईंनी टॅब्लेट माझ्यापुढे सरकवला. "तुम्हीच उत्तर द्या. सरकारी माणसाचं लोक ऐकतात."

मी लिहिलं : 'सदर इसम अस्तित्वात आहे. समक्ष खात्री केली.'