मिरचीच्या पथारीवर ग्लायडर

ग्लायडर उतरवणं म्हणजे माझ्या हातचा मळ! आमच्या प्रकाशा गावात मी हे इतक्यांना सांगितलं होतं, की तापीतल्या माशांनाही पाठ झालं असेल. त्यामुळे नंदुरबारबाहेर आमच्या क्लबात नवं ग्लायडर आलं, तेव्हा पहिला मान मीच मागितला.

"अमृत, हे जुन्यासारखं नाही," आमचे प्रशिक्षक रतिलाल सर सांगू लागले. "डाव्या हाताला दोन दांडे आहेत. निळा ब्रेकचा, त्याने पंखांवरच्या फळ्या उघडून ग्लायडर खाली येतं. काळा चाकाचा..."

"सर, दांडा तो दांडा!" म्हणत मी काच लावून घेतली.

वर सगळं झकास! उतरताना धावपट्टी समोर आली. उंची जरा जास्तच वाटली, म्हणून ब्रेक ओढला. ग्लायडर खाली येईना! आणखी जोरात ओढला. घोड्यावरून न उतरणाऱ्या नवरदेवासारखं ते हवेतच!

रेडिओवर सर ओरडले, "चाक! चाक आत गेलं!"

चाक? मी कुठे घातलं? गोंधळून दांडा पुढे ढकलला. खट्!

"आलं बाहेर! आता ब्रेक ओढ!"

"तोच तर ओढत होतो, सर!"

"तो काळा होता रे!"

तोवर धावपट्टी संपली. समोर मिरचीचे व्यापारी मुनव्वरभाईंची पथारी! वाळत घातलेल्या मिरच्यांचं लालभडक मैदान आणि त्यात बायका! "पळा!" मी बंद काचेआड बोंबललो. नशीब, त्या आधीच टोपल्या टाकून पळाल्या होत्या. मी निळा दांडा जीव खाऊन ओढला. ग्लायडर बदकन बसलं आणि मिरच्या उडवत, घसरत थांबलं.

काच उघडली मात्र, ठसकाच ठसका! मी, बायका, कुंपणापलीकडची म्हैससुद्धा शिंकायला लागली.

मुनव्वरभाई नाकाला रुमाल लावून धावत आले. ग्लायडरला पुढून-मागून पाहून त्यांचा चेहरा पडला.

"अमृतभाई, इंजिन कोठे पडनं?"

"याला इंजिन... आक्छी! ...नाही!"

"नही शे, तेच इचारी ऱ्हायनू! पडनं कोठे?"

मजूर बायकांची मुकादम रूपलीबाई किंचाळली, "बाया वं, गरम इंजिन मिरचीमा पडेल शे! आग लागी जाई! धुंडा!"

साऱ्याजणी ढीग उपसू लागल्या. धूळ उडाली, शिंका दुप्पट झाल्या. तेवढ्यात रतिलाल सर धापा टाकत पोहोचले.

"सर, तुम्हीच सांगा यांना!"

सरांनी तोंड उघडलं आणि त्यांनाही ठसका लागला. डोळ्यांतून धारा!

"देखा, मास्तर रडी ऱ्हायना!" रूपलीबाई हळहळली. "इंजिन भलतं महाग व्हई!" मग माझ्या हातात टोपली कोंबून म्हणाली, "तुम्ही कसाले उभा? धुंडा ना!"

काय करणार? गुपचूप वाकलो. आणि खोटं कशाला सांगू, बरेच ढीग उपसल्यावर मलाच वाटायला लागलं, निघताना होतं की काय!