वैशालीकाकूंची मिशी

एकदा भर दवाखान्यात वैशालीकाकू डॉक्टरांना म्हणाल्या, "साहेब, माही मिशी पिकली तसे माह्ये गुडघेबी गेले. काल तं सायकलवरून पडलो." डॉक्टर नवीन होते. त्यांनी काकूंच्या तोंडाकडे पाहिलं आणि हळूच खुर्ची मागे घेतली.

मिशी शेजारी बसलेल्या देवाजीभाऊंची होती. देवाजीभाऊ जन्मापासून कर्णबधिर, हातांच्या खुणांनी बोलणारे, आणि काकू त्यांच्या दुभाषी. दुभाष्याने समोरच्याचं बोलणं 'मी' म्हणूनच सांगायचं, 'हे म्हणतात' करत मध्ये घुसायचं नाही, असा नियमच आहे. तो इतर दुभाषीही पाळतात. पण ते बहुधा डॉक्टरांना आधी कल्पना देतात.

काकू ऊर्जानगरात आमच्या समोरच्या क्वार्टरमध्ये राहतात. त्यांची मुलगी सुजाता कर्णबधिर आहे. तिच्यासाठी त्या ही खुणांची भाषा शिकल्या आणि मग आजूबाजूच्या सगळ्यांचं बँक, दवाखाना, तहसील त्यांच्याच अंगावर आलं. त्यांना हाताखाली कुणीतरी हवं होतं. मला चार माणसांत बोलायला जड जातं, त्यामुळे तोंड न उघडता बोलायची भाषा माझ्यासाठीच आहे असं वाटून मी गेले. निम्मं काम मोठ्याने बोलण्याचं असतं, हे त्यांनी नंतर सांगितलं.

शिकवणी स्वयंपाकघरात. शिकण्यासाठी मोबाइलवर दिल्लीचे व्हिडिओ असतात, पण "ते बाई चांगली हाय, तिले मोहफूल माहीत नाई," अशी काकूंची तक्रार. म्हणून त्या स्वतःचे व्हिडिओ करतात आणि मी मोबाइल धरते. मोहफुलं वेचायची खूण, तेंदूपत्त्याची खूण. वाघाच्या दोन: एक दिसलेला वाघ आणि एक नुसतेच पंजे उमटवून गेलेला. त्या स्वतः एकही खूण बनवत नाहीत, गावोगावच्या कर्णबधिर माणसांना विचारून घेतात. मध्येच वरण उतू गेलं तर तेही व्हिडिओत जातं. या भाषेत चेहराही बोलावा लागतो. माझा कोराच राहतो. "काऊन वं," त्या ओरडतात, "तुह्या तोंडाची लाईट गेली का?"

काकूंचा आणखी एक हट्ट असा की खोलीत जे ऐकू येईल ते सगळं पोहोचवायचं. बँकेत मॅनेजर फोनवर बायकोशी दोडक्यावरून भांडत होते, तेही त्यांनी सुजाताला सांगितलं. "कानवाल्यायनं फुकट ऐकलं ना? मंग तिनं काऊन नाई? आपलं मत चपलीजवळ ठेवाचं आन् आत याचं."

यंदा सुजाताला पाहायला चिमूरची मंडळी आली. मुलगा मिलिंदही कर्णबधिर, मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा. आदल्या दिवशी काकू मला म्हणाल्या, "उद्या दुभाषी तू."

"तुम्ही असताना?"

"मले पोहे कराचे हायत."

मोठी माणसं पाऊसपाण्यावर बोलत होती, तोवर सुजाता आणि मिलिंद खुणांनी बोलून हसायलाही लागले होते. तेवढ्यात मुलाची आत्या नवऱ्याला हळूच म्हणाली, "पोरगी देखनी हाय. पन दोघंबी असे. घर कसं चालवतीन?"

माझे हात थांबले. मी काकूंकडे पाहिलं. त्या दाराजवळ चटईवर, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसल्या होत्या. त्यांनी नुसते डोळे मोठे केले. सांग.

मी सांगितलं. सुजाता आत्यांकडे वळली, तिचे हात चालले, आणि मी भरल्या खोलीत मोठ्याने म्हणाले, "आत्याबाई, तुमच्या घरी सगळ्यांनाच ऐकू येतं. तुमचं कसं चालतं?"

आत्यांचे यजमान ठसका लागेस्तोवर हसले. मग आत्याही हसल्या. सुजाताने पुन्हा हात उचलले.

"मला मिलिंद पसंत आहे," मी म्हणाले. माझे कान तापले. "मी चिमूरला जाईन."

मंडळी गेल्यावर मी बशा विसळून देत होते, काकू पुसत होत्या. मी विचारलं, "काकू, दुभाषी म्हणून तुम्हीच का नाही बसलात?"

"आत्याचं बोलनं मी जरा तिखट करून सांगतलं असतं," त्या म्हणाल्या. "मंग पोरगी नाई म्हनली असती. इथीच राह्यली असती."

खिडकीबाहेर अंगणात सुजाता मोबाइल भिंतीला टेकवून मिलिंदशी बोलत होती. तिचे हात स्पष्ट दिसत होते. काकू क्षणभर बघत राहिल्या.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"ते आपल्यासाठी नाई," त्या म्हणाल्या आणि खिडकीकडे पाठ करून पुसलेली बशी पुन्हा पुसू लागल्या.