जनूभाऊचा दरबारी फोटो

नवापुरात जनूभाऊच्या सायकल दुकानात पंक्चर काढायचं असलं तर आधी मुजरा करावा लागे. जनूला नाही, भिंतीवरच्या फोटोला. कुठल्याशा संस्थानचे महाराज, महाराणी, पोरंबाळं, सगळी जरीच्या कपड्यांत ताठ बसलेली. मनोरच्या बाजारातून जनूने तो फोटो आणला आणि तेव्हापासून त्याचं डोकंच फिरलं. फोटोतल्या धाकट्या राजपुत्राला रोज दम भरायचा, "सरळ बस रे, पोक काडू नको!" गिऱ्हाईक आपलं ताटकळत उभं.

स्वतः मात्र सडाफटिंग. मागे कोणी नाही, पुढे कोणी नाही. ध्यास एकच, आपलाही असा भरल्या घराचा फोटो पाहिजे.

तारापूरला विजेच्या कारखान्याचं काम निघालं, सायकली वाढल्या, दुकान धावायला लागलं. जनूने लगेच पालघरचा फोटोवाला ठरवला. काय ती धांदल! अख्खी आळी पेटली. नाटकवाल्यांचा जरीचा अंगरखा आला. ताडी काढायच्या कोयत्याला चहाच्या खोक्यातला चांदीचा कागद गुंडाळला, झाली तलवार! शेजारची पोरं राजपुत्र झाली. राणीच मिळेना. तसा जनू आमच्या घरी आला.

"वैनी, तुमी राणी व्हा."

"तुजी राणी व्हायला माजा नवरा मेला नाय अजून!" आमची बायको कडाडली.

"मग राजाची आक्का व्हा. राजाला बहीण तरी पायजे ना?"

तिथे ती विरघळली. लग्नातलं लुगडं काढलं, नथ घातली, आणि मलाच म्हणते, "बगता काय? राजाच्या बहिणीला पानी द्या!" माझी दाढी वाढलेली म्हणून जनूने मला फोटोत घेतलं नाही. मागे चादर धरून उभं केलं.

फोटो आला. जनूने महाराजांना उतरवलं आणि स्वतःला टांगलं. मुजरा चालूच. वर प्रत्येकाला सांगणार, "ही माजी आक्का."

यंदा बायको गेली. साध्या तापाने गेली. बाराव्याला पाटावर ठेवायला फोटो शोधला, तर घरात एक नाही. जनूकडे मागायला तोंड उघडेना. त्याचं भरलेलं घर म्हणजे तेवढाच तो फोटो.

बाराव्याच्या सकाळी तोच दारात आला. हातात चौकट. आत ती एकटी, नथ घातलेली, हसू दाबून बसलेली. कडा कात्रीने कापलेल्या.

"अरे मूर्खा, कापलास? फोटोवाल्याकडनं दुसरा काडायचा."

"ज्या काचेवरनं फोटो काडतात, ती त्याच्याकडं कवाच फुटली."

"आणि तुझं काय?"

"माजं काय? मी हाय की हितं, जिता." एवढं बोलला आणि उंबऱ्यावर बसून पोरासारखा रडला.

कापताना त्याचं जरीचं कोपर तिच्या दंडाला चिकटून राहिलंय. ते काढलं तर तिचा हात जात होता. जित्या माणसाच्या फोटोला हार घालू नये म्हणतात. म्हणून मी हार घालतो तो जरा तिच्या बाजूला सरकवून घालतो.