एकमताची पंगत

"मतदान नाई, भांडण नाई! येत्या रविवारी अध्यक्ष एकमतानं निवडून दाखवतो. नाई दाखवला तं मी ओव्हरसियर नाई!"

सावली गावच्या चौकात रामाजी भांडेकरांनी ही प्रतिज्ञा केली, तेव्हा कोणी हसले नाही. नागपूरच्या तंत्रनिकेतनाची पदविका घेऊन आयुष्यभर कालव्यांचे उतार इंचाइंचाने साधलेला हा निवृत्त गृहस्थ. माणसांचा उतार त्याला किती कठीण!

परंपरा पक्ष नावाप्रमाणेच जुन्या वळणाचा होता. हात वर करवून माणसे मोजणे म्हणजे बाजारात बैल मोजणे, अशी त्याची श्रद्धा. गावच्या शाखेचा अध्यक्ष एकमतानेच ठरायचा. परंतु म्हातारे अध्यक्ष पायउतार झाले आणि खुर्चीसाठी दोघे सरसावले: धानगिरणीचे श्रीहरीभाऊ आणि कापडदुकानाचे श्रावणभाऊ. चारच वर्षांपूर्वी चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, पण त्या वाटणीतही इतकी कटुता नव्हती! एका गटाचा माणूस दुसऱ्या गटाच्या पानठेल्यावर चुनासुद्धा मागेना.

रामाजींची अडचण पक्षाहून मोठी होती. श्रीहरीभाऊ त्यांचे व्याही. मुलगी सीता त्या घरात नांदत होती. श्रावणभाऊ सख्खे मेहुणे; त्यांची बहीण भागीरथाबाई रामाजींच्या चुलीची मालकीण. इकडे हात वर केला, तर मुलीला टोमणे. तिकडे केला, तर स्वतःला उपास!

"अजी, माह्या भावाची साथ सोडली तं याद राखा!" बाईंनी पोळी लाटता लाटता बजावले. लाटणे हातातच होते.

तेव्हा रामाजींनी तोड काढली. आमराईत दोन मांडव घालायचे. प्रत्येक उमेदवाराने एकेक पंगत द्यायची. ज्याचा जो पाठीराखा, तो त्याच्या मांडवात जेवेल. जेवणारी माणसे मोजणे अशुभ, हे खरे; पण उष्ट्या पत्रावळी मोजायला कोणत्या शास्त्राची हरकत? ज्याच्या पत्रावळी जास्त, त्याच्यामागे सर्वांनी उभे राहायचे. झाले एकमत! एका माणसाने एकाच मांडवात जेवायचे, ही गोष्ट इतकी उघड होती, की ती सांगण्याची गरज रामाजींना वाटली नाही.

कालवा फुटला तो नेमका येथे!

दोन्ही उमेदवार अक्षता घेऊन घरोघर फिरले. दारी आलेले आमंत्रण नाकारणे म्हणजे अन्नाचा अपमान, आणि परंपरा पक्षाचा माणूस अन्नाचा अपमान कसा करील? त्यातून श्रीहरीभाऊंकडे बुंदी आणि श्रावणभाऊंकडे गरम, कोथिंबीर भरलेली सांभारवडी!

रविवारी रामाजी दोन्ही मांडवांकडे पाठ करून मोहाच्या झाडाखाली बसले. पाहणे म्हणजे मोजणेच!

"इवाईबुवा, दोन घास तं खा!" व्याह्यांनी हाक दिली.

"जवाईबुवा, पहिले इकडं!" मेहुणे ओरडले.

"मोजणी होईपर्यंत पाण्याचा थेंबही नाई!" रामाजी गरजले. त्यांचे पोट त्याहून मोठ्याने गरजले.

पाठीमागून आवाज आला, "बुंदी बस झाली बाप्पा, तिकडं वडीले जागा ठेव!" या वाक्याकडे रामाजींनी लक्ष दिले नाही. पर्यवेक्षकाने अफवा ऐकायच्या नसतात.

पंगती उठल्या. उष्टी काढणाऱ्या पत्रूने पत्रावळींचे दोन ढीग रचले आणि मोजले.

"श्रीहरीभाऊच्या एकोणसाठ!"

श्रीहरीभाऊंनी हारासाठी मान पुढे केली.

"श्रावणभाऊच्याई एकोणसाठ!"

मान मागे गेली. शाखेचे सभासद होते अवघे साठ!

"सोमाजी, तू कुठी जेवला?" रामाजींनी पुढ्यातल्या सभासदाला विचारले.

"पहिले इथी, मंग तिथी. दोघायनंही बोलावलं, नाई कसं म्हणू?"

"अन् बाकीचे?"

बाकीच्यांनी आमराईतले आंबे पाहायला सुरुवात केली. आंबे नव्हते, नुसता मोहोर होता. श्रीहरीभाऊंच्या मिशीत सांभारवडीची कोथिंबीर अडकली होती आणि श्रावणभाऊंच्या उपरण्यावर बुंदीचा पिवळाधमक दाणा विराजमान होता!

"उमेदवारही?" रामाजी किंचाळले.

"अन्नाचा अपमान करू काय?" दोघे एका सुरात म्हणाले. गेल्या महिन्यातले त्यांचे हे पहिलेच एकमत!

सोमाजीने बोटांवर हिशेब मांडला. "एकोणसाठ जण दोघायचेही, म्हणजे कोणाचेच नाई. उरला एक. ज्यानं कोणाचंच खाल्लं नाई, तोच खरा सगळ्यायचा!"

सगळ्या माना मोहाच्या झाडाकडे वळल्या.

"अरे, मी कुठी उभा आहो? मले नको!" रामाजी ओरडले, पण हार गळ्यात पडला होता. एकोणसाठ तोंडांनी ढेकर देत जयजयकार केला.

श्रीहरीभाऊ आणि श्रावणभाऊ एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून निघाले.

"पाहा भाऊ, ओव्हरसियरचा डाव! खर्च आपला अन् खुर्ची त्याची!"

"उद्यापासून आपण एक, अन् तो एकटा!"

पक्षातली फूट त्या क्षणी कायमची सांधली गेली.

रामाजी हार घालूनच घरी पोहोचले. व्याह्यांची बैलगाडी दारावरून न थांबता पुढे गेली; गाडीतल्या सीतेने पदराआडून हळूच हात हलवला. चूल थंड होती आणि भागीरथाबाईंची पाठ दाराकडे होती.

"वाढतं का?" नव्या अध्यक्षांनी नम्रपणे विचारले.

"दोन-दोन मांडव घातले होते ना, अजी? मी सैपाक काऊन करू?"

रामाजींनी माठातले गार पाणी घेतले आणि सवयीने हिशेब मांडला. साठ सभासदांच्या शाखेत उपाशी राहिलेला माणूस एकच होता, आणि त्याची निवड एकमताने झाली होती!