बुळबुळ निर्मूलनाची यशोगाथा

मानवाने आजवर पुष्कळ गोष्टी जिंकल्या. डोंगर जिंकले, समुद्र जिंकले, शेजाऱ्यांशी भांडणे तर सर्रास जिंकली. पण ज्या आसनावर तो रोज न चुकता बसतो, त्याच्या कडेखालची बुळबुळ त्याला अजून जिंकता आलेली नाही. आमचे कुटुंब याला सन्माननीय अपवाद आहे. इतरांना मार्गदर्शन व्हावे, या एकमेव हेतूने ही हकीकत सांगतो.

आमच्या घरात माणसे तीन: मी, बायको आणि बाबा. बाबा एका कार्यालयातून मुख्य कारकून म्हणून निवृत्त झाले (ते कार्यालय अजून चालू आहे, यावर त्यांचा विश्वास नाही). संडास एक. त्यात कमोडच्या आत पाण्याच्या रेषेला काळे कडे, कडेखाली गुलाबी बुळबुळीत थर आणि टाकीमागच्या भिंतीवर बुरशी. बुरशी चांगली घरंदाज होती. आधी एक ठिपका आला, मग ठिपक्याचा संसार झाला, मग एकत्र कुटुंब. घासली की जायची. पण माहेरपणाला गेल्यासारखी थोड्या दिवसांत परत यायची आणि येताना अंगाने भरून यायची.

घासायचे कोणी, यावरून घरात धुसफूस सुरू झाली. तेव्हा बाबांनी जेवणाच्या टेबलावर आदेश काढला: "जो पाहील, तो घासील."

नियम न्याय्य होता. त्याची अंमलबजावणीही तत्काळ झाली. दुसऱ्या दिवसापासून बुळबुळ कोणालाही दिसेनाशी झाली. बायको छताकडे पाहत आत जायची. मी चष्मा बाहेर काढून ठेवू लागलो. बाबा तर दिवाच लावत नसत. अल्पावधीत बुळबुळीविषयीच्या तक्रारी शंभर टक्क्यांनी घटल्या (खुद्द बुळबुळ किती घटली, हे मोजायला तिच्याकडे पाहावे लागले असते).

घरात तिच्याकडे बघायला मोकळा असा एकच माणूस येई: माझा मेहुणा. तो मोबाइलची कव्हरे विकतो, त्यामुळे त्याला सगळ्याच विषयांतले कळते.

"ताई, संडासात जंगल वाढवलंयस की काय?" त्याने बाहेर येऊन विचारले.

"कुठे? मला नाही दिसलं," बायको घाईघाईने म्हणाली.

मेहुणा दुकानात जाऊन दोन जालीम बाटल्या घेऊन आला. दोन्हींवर 'दुसऱ्या कशातही मिसळू नये' असे ठळक छापले होते. दोघींचे विचार इतके जुळतात म्हणजे पटायला हरकत नाही, असा त्याने निष्कर्ष काढला आणि दोन्ही एकत्र ओतल्या. ती संध्याकाळ आम्ही सगळ्यांनी रस्त्यावर, नाकाला रुमाल लावून, एकमेकांशी खोकल्याने बोलत काढली. घरात परतलो तेव्हा बुरशी पूर्वीपेक्षा टवटवीत दिसत होती. (म्हणजे दिसली असती.) मग मेहुण्याने टाकीत एक निळी गोळी सोडली. आता बुळबुळ होती तिथेच राहिली, पण निसर्गरम्य झाली.

अशा सुखात आम्ही असताना आत्या आली.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. बाबांनी सत्तरी ओलांडली, तरी तिच्या प्रश्नाचे उत्तर ते उभे राहून देतात. ती एकटीच राहते. "अक्का, आमच्याकडे चार दिवस राहा," असे बाबा तिला वर्षानुवर्षे विनवत आलेत. ती मात्र एका दुपारपुरती येते आणि निघते. दर खेपेस ती आमच्या संडासाची स्तुती करायची. "सूनबाई, मागच्या भिंतीला नक्षीच्या टाइल्स छान निवडल्यास हो." आम्हीही विनयाने मान खाली घालायचो. यंदा मात्र ती महिनाभर राहण्याची बॅग घेऊन आली होती. बाबा हर्षाने घरभर फिरत होते. त्या हर्षात एक तपशील आमच्या लक्षातून सुटला. आत्याच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू नुकतेच काढले होते.

ती आत गेली. तिने दिवा लावला.

"बाळ्या!" आतून हाक आली. बाळ्या म्हणजे आमचे बाबा. "बाळ्या, तुझ्या नक्षीला केस आलेत!"

बाबा दाराशी जाऊन उभे राहिले. प्रसंग नाजूक होता. पण नियम तो नियम.

"अक्का, आमच्याकडे असं आहे, की जो पाहील तो..." इथे दार उघडले आणि बाबांना तिचा चेहरा दिसला. "...त्याचे आम्ही आभार मानतो."

"मेल्या, इतकी वर्षं मी बुरशीचं कौतुक केलं आणि तुम्ही ते ऐकून घेतलंत?"

आत्या बॅगेकडे वळली. "दिसत नव्हतं तोवर ठीक होतं. आता नाही मला इथे राहवत. मी निघते."

ज्या बाबांनी हाताखालच्या कारकुनांना केवळ भुवईने घाम फोडला, त्यांचा चेहरा शाळेच्या दारात आई सोडून गेलेल्या पोरासारखा झाला. मग त्यांनी सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या, माझा दात घासायचा ब्रश उचलला (मला न विचारता) आणि ते कमोडपुढे गुडघे टेकून बसले.

आत्या ते बघत राहिली. मग म्हणाली, "एक खुर्ची आणा."

डॉक्टरांनी तिला वाकायला मनाई केली होती. बोलायला केली नव्हती. दारात खुर्ची टाकून तिने सूत्रे हाती घेतली. खिडकीला टेकून ठेवलेले रद्दीचे गठ्ठे मी हलवले, तेव्हा तिथे खिडकी आहे हे बायकोला प्रथमच कळले. टाकीतून कमोडमध्ये पाण्याची बारीक धार अखंड झिरपत होती. प्लंबर येऊन एक रबरी चकती बदलून गेला. बायकोने व्हिनेगरमध्ये चिंध्या भिजवून कडेखाली कोंबल्या आणि दुपारभर तशाच ठेवल्या. मग पुन्हा बाबा.

"कडेखाली, बाळ्या, कडेवर नाही! लहानपणी मान धुतानाही तू अशीच लबाडी करायचास."

"घासतोय ना, अक्का."

"घासतोयस कुठला, गोंजारतोयस."

संध्याकाळी कमोड पांढरा निघाला. "मला वाटायचं बदामी रंगाचाच घेतलाय," बायको हळूच म्हणाली.

आत्याने बॅग उघडली आणि ती महिनाभर राहिली. त्या महिन्यात बाबा दिवा लावून आत जात आणि गुणगुणत बाहेर येत. निघताना ती म्हणाली, "रोज खिडकी उघडायची, दर रविवारी घासायचं. एवढंच आहे रे. आता मी दर वर्षी येणार, आणि आल्या आल्या आधी हे दार उघडणार."

ती गेली आणि बाबांची झोप उडाली. 'एवढंच' या शब्दाशी त्यांचा सेवाकाळात कधी संबंध आला नव्हता. उपाय इतका सोपा असेल तर तो चुकीचा असणार, हे उघड होते. त्यांनी प्रकरणाच्या मुळाशी जाऊन विचार केला. बुळबुळ ओलाव्याने होते. ओलावा पाण्याने होतो. पाणी वापराने पडते. आणि वापर? वापर आपणच करतो! चोर घरातच होता.

त्याच दिवसापासून आमचा संडास घरगुती वापरासाठी बंद झाला.

परिणाम अपेक्षेपलीकडे उत्तम आहेत. कमोड लखलखतो आहे. ओळखीचे लोक खास पाहायला येतात. आम्ही त्यांना चपला बाहेर काढायला लावतो आणि दारातूनच दाखवतो. मी ऑफिसला पहाटे पोहोचतो, त्यामुळे माझ्या निष्ठेबद्दल वरिष्ठ चांगले बोलतात. बायको एका व्यायामशाळेची सभासद झाली आहे (व्यायाम करत नाही). बाबा सकाळी वाचनालय उघडण्याआधी पायरीवर उभे असतात. या वयात एवढी ज्ञानाची ओढ पाहून ग्रंथपालाचे डोळे पाणावतात.

अडचण फक्त सुट्टीच्या दिवशी येते. सगळे बंद असते. मग आम्ही माणसे जोडतो.

गेल्या रविवारी आम्ही तुमच्याकडे आलो होतो, आठवते ना? "इकडून चाललो होतो, म्हटलं सहज डोकवावं," असे म्हणालो. तुम्हाला फार बरे वाटले. हल्ली कोण कोणाकडे जाते, असेही तुम्ही म्हणालात. आम्ही तिघे एकेक करून आत जाऊन आलो, पुन्हा पाणी मागून प्यायलो, पुन्हा जाऊन आलो.

पाहुण्याने तोंडावर बोलू नये, म्हणून तेव्हा गप्प बसलो. पण तुमच्या कडेखाली गुलाबी थर चांगलाच धरला आहे, आणि टाकीमागे जे आहे त्याला तर आता नाव ठेवायला हवे. येत्या रविवारी आम्ही पुन्हा येतो आहोत. तेवढे जरा घासून ठेवा. बाबांना असल्या ठिकाणी बसवत नाही.