पिंपळशेंडे सरांची हवा

पिंपळशेंडे सर कुणाकडेही गेले की बसायच्या आधी पंखा बंद करतात. यवतमाळच्या मे महिन्यातसुद्धा. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा देवापुढच्या उदबत्तीकडे टक लावून उभे राहिले. सासूबाईंना वाटलं, माणूस मोठा भाविक. तेवढ्यात सर म्हणाले, "आई, तुमच्या देव्हाऱ्यात हवा उलटी फिरून राह्यली जी."

आमच्या कॉलेजात मी गणित शिकवते आणि सर हवा मोजतात. म्हणजे काचेच्या पेटीत धूर सोडायचा, लेझरच्या हिरव्या उजेडाचा पातळ पडदा त्यातून न्यायचा आणि लागोपाठ दोन फोटो काढायचे. धुराचे कण पहिल्या फोटोतून दुसऱ्यात किती सरकले, त्यावरून हवेचा वेग कळतो. पण सरांचा खरा जीव हवेत नाही, फोटोतल्या चुकांत. "फोटो खोटं बोलते मॅडम. हवा नाही बोलत." हे वाक्य दिवसातून एकदा तरी कानावर पडतंच.

एका लग्नात तर त्यांनी फोटोग्राफरलाच गाठलं. "नवरदेव जाडा नाही जी. तुम्ही त्याले कडेले उभा केला, लेन्सनं फुगवला." नवरदेवाच्या आईनं सरांना आग्रह करकरून जिलबी वाढली.

गेल्या हिवाळ्यात दिग्रसचे एक जिनिंगवाले शेठ आले. जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, बायांच्या नाकातोंडात कापसाची धूळ जाते. ती वर ओढून घेणारं धुराडं सरांनी बेतलं होतं. त्याची छोटी प्रतिकृती पेटीत ठेवली, फोटो काढले. बघतो तर धुराड्याच्या तोंडाशी, जिथे हवा मंद असते, तिथे ती चक्क उलटी येत होती.

शेठ वैतागले. "सर, हे तं बायांच्या तोंडावरच धूळ फेकून राह्यलं! मी पत्रा कापाले टाकू का नको?"

"उद्या सांगतो," सर म्हणाले. त्यांचा चेहरा मात्र परीक्षेत पेपर कोरा गेल्यासारखा झाला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटीच्या काठाला काळे ठिपके चिकटवले. घट्ट चिकटलेले ठिपके हलणार कसे? पण फोटोत हलले! सर आनंदानं ओरडले, "ठिपके हालले! म्हंजे हवा नाही, कॅमेरा हालून राह्यला!"

आता हलवतंय कोण? पाण्याचा पंप बंद केला, जिन्यावरची ये-जा थांबवली. ठिपके हलतच होते. शेवटी सरांनी भिंतीला कान लावला आणि तडक पलीकडच्या कँटीनमध्ये गेले. सिंधूताई मिक्सरवर शेंगदाण्याची चटणी वाटत होत्या.

"ताई, तुमची चटणी माह्या हवेले हालवून राह्यली."

"अन् तुमच्या हवेसाठी पोरायनं कोरडी भाकर खावी काय?"

सर हात जोडून उभे राहिले. सिंधूताईंनी हसत मिक्सर बंद केला. नवे फोटो निघाले. ठिपके जागच्या जागी, आणि हवा सरळ धुराड्यात. मग जुन्या फोटोंमध्ये ठिपके जेवढे सरकले होते तेवढं सगळ्या चित्रातून वजा केलं. तिथेही हवा शहाण्यासारखी वर गेली. निकाल बघायला आलेल्या शेठनी तिथूनच फोन लावून पत्रा कापायला सांगितला. सिंधूताईंनी सगळ्यांना भजी तळली, मुलांनी सरांना उचलून धरलं. वर उचललेल्या सरांनी जाता जाता कँटीनचा पंखा बंद केला.

संध्याकाळी सगळे पांगले. मी निघाले तर सर प्रयोगशाळेच्या दारातून म्हणाले, "एक चहा घेऊन जा मॅडम." पाच वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली. एकुलती एक मुलगी, गौरी, जर्मनीत शिकते. त्यांनी तिला व्हिडिओ कॉल लावला. "गौरे, हवा सरळ गेली वं!" ती खळखळून हसली, आणि तेवढ्यात नेट गेलं. आवाज थांबला. पडद्यावर तिचा अर्धा चेहरा नीट, अर्धा नुसते चौकोन.

"सर, कट करून परत लावा," मी म्हटलं. "चित्र नीट होईल."

"राहू द्या जी," ते हळूच म्हणाले. "हासून राह्यली ना."

त्यांनी फोन साखरेच्या बरणीला टेकवून उभा केला, समोर चहाचा कप घेऊन बसले, आणि त्या थांबलेल्या चेहऱ्याला चटणीची गोष्ट पहिल्यापासून सांगू लागले.