साहेबांचा एसी एक दिवस बंद राहिला, त्याची हकीकत

पुढे जन्मा येणाऱ्या आणि येताक्षणीच घामेजणाऱ्या पिढ्यांचे सेवेसी विज्ञापना ऐसी की, वेधशाळेच्या अंगणी जे युद्ध जाहले त्याचे वर्तमान आपण पुसालच, कारण भोगणे तुम्हांस आहे. यास्तव पदरचे तिखटमीठ न लाविता, लाविलेच तर चिमूटभर, लिहिले असे. साक्ष खुद्द ऊन.

ते समयी पृथ्वी तापली होती. मुलखोमुलखीचे शास्त्रज्ञ दरसाल खलिते धाडीत की बर्फ वितळले, समुद्र चढला, आता तरी शुद्धीवर या; आणि लोक ते वाचून हळहळत आणि मग पंखा वाढवीत. ऐशा काळी वेधशाळेवर थोरले साहेब, खुर्चीबहाद्दर, शीतकक्षाधीश, अंमल करीत होते. आणि अंगणात झडपांची पांढरी पेटी, तीत तापमापक, त्याच्या किल्लेदार पाराबाई. बाई शास्त्रज्ञ, परंतु पाऱ्यावरची नजर ढळत नसे म्हणून हे नाव पडिले. यंदाचा उन्हाळा आजवरचा सर्वांत कडक, ऐसा आकडा त्यांनी काढिला आणि तो जगाच्या अहवाली जावयाचा ठरला.

इतक्यात घात जाहला. साहेबांनी हिवाळ्यात नवा एसी बसविला होता आणि मिस्त्रीने त्याचे बाहेरचे धूड ठोकिले ते नेमके पेटीच्या दिशेस तोंड करून. सगळ्या जगाची हवा पाहणाऱ्यांनी घरची हवा कोणीकडे जाते ते पाहिले नाही! बाईंनी तेव्हाच हरकत घेतली, ती साहेबांनी “बघू” या शब्दाखाली पुरिली. धुडाचा गरम झोत पेटीपर्यंत पोचत नाही, वाटेतच विरतो, हे मग बाईंनी स्वतः तपासून घेतले. परंतु विचारतो कोण? एका वार्ताहराने ते धूड पाहिले आणि छापिले की शहर तापले नाही, साहेबांचा एसी तापला. मग काय पाहता! तापमानवाढ थोतांड म्हणणारे टाळ्या पिटू लागले, आणि साहेबांचे फर्मान सुटले की आकडा रद्द करावा. एसी हलवावा, हे मात्र फर्मानी नव्हते.

पाराबाईंच्या तळपायाची आग मस्तकी गेली. त्या वार्ताहरास सोबत घेऊन शीतकक्षी चालून गेल्या आणि म्हणाल्या, “एक दिवस एसी बंद ठेवा. पारा उतरला तर आकडा मी माझ्या हाताने खोडते.”

“दिवसभर?” साहेबांनी विचारले.

“दिवसभर.”

साहेबांचे तोंड उतरले. परंतु वार्ताहर समोर, नाही म्हणण्याची सोय नव्हती.

दुसरे दिवशी रण पेटले. गारवा निसटू नये म्हणून खिडक्या साहेबांनीच खिळे मारून बंद करविल्या होत्या, सबब किल्ल्यास वारा बंद. प्रथम टाय पडिला, मग कोट पडिला, मग बूट पडिले. जगाचा जाडजूड हवामान अहवाल कैक महिने टेबलावर धूळ खात होता, तो साहेबांनी त्या दिवशी पहिल्याने हाती घेतला आणि त्याने वारा घेऊ लागले. वाचावा, ऐसे तेव्हाही सुचले नाही.

बाहेर पाराबाई पेटीपाशी उभ्या. मनी दोन फौजा झुंजत होत्या. आकडा खोटा ठरला तर उभ्या उमरीच्या कामावर बोळा फिरणार. आणि खरा ठरला तर घरी शाळकरी लेक आहे, तिला याच हवेत उमर काढावयाची आहे. शेवटी त्या पाऱ्यास हळूच म्हणाल्या, “उतर रे बाबा. लोक हसू देत मला.”

पारा उतरला नाही. दुपार कलता कलता तो कालची खूण ओलांडून वर गेला आणि तेथेच ठाण मांडून बसला.

वार्ताहराने मान खाली घातली. साहेब अनवाणी धावत आले, फरशी पोळली म्हणून नाचले, पारा पाहिला आणि हर्षभरित होऊन ओरडले, “म्हणजे माझ्या एसीचा काहीच दोष नाही!” लागलीच हुकूम जाहला की एसी निर्दोष असे, त्यास सन्मानाने चालू करावे, दिवसाची कसर भरून निघेतो अठरावर ठेवावे, आणि खऱ्या ठरलेल्या उष्म्यावर तोड म्हणोन बैठकीच्या दालनी आणखी दोन बसवावे. आकडा कायम.

बाईंनी घरी फोन लाविला.

“आई, जिंकलीस का गं?” लेकीने विचारले.

“जिंकले, बाळा.”

“मग रडतेस कशाला?”

“घाम आहे गं तो,” बाई म्हणाल्या, आणि लेकीने त्यावर विश्वास ठेविला नाही.

येणेप्रमाणे वेधशाळेची फत्ते जाहली. आकडा शाबूत, एसी शाबूत, साहेब शाबूत, ऐसे नोंदिले असे. उरल्याचे काय जाहले ते आम्ही काय लिहावे? आपण तेथे राहताच आहा.